जांभ्याचं पाणी आणि काचेची टाकी
(प्रस्तावना)

टाकीतला मासा मेला की घरातलं कोणीतरी थोरलं माणूस म्हणतं, 'जाऊ दे, घरावरचं संकट त्यानं आपल्या अंगावर घेतलं.' वास्तूसाठी म्हणून उत्तरेला किंवा ईशान्येला टाकी मांडणाऱ्या घरांत तर हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते मायेनं म्हटलेलं असतं, रडणाऱ्या पोराची समजूत काढायला उपयोगीही पडतं. तरी मला ते फार खटकतं, कारण ते म्हणून झाल्यावर पाण्याकडे कोणी बघत नाही. मेलेला मासा माडाच्या आळ्यात पुरतात, दुकानातून नवी जोडी आणतात आणि तिला त्याच पाण्यात सोडतात. संकट पाण्यातच होतं आणि ते जागचं हललेलं नसतं.

ही पुस्तिका त्या पाण्याविषयी आहे. माशांच्या जाती, टाकीची सजावट, दिवे, वनस्पतींची मांडणी यांवर वाचायला पुष्कळ मिळतं, ते इथं पुन्हा लिहिलेलं नाही. पाणी बिघडलं आहे हे ओळखायचं कसं, बिघाडाचं मूळ शोधायचं कसं आणि कोणता उपाय कोणत्या क्रमानं करायचा, एवढंच पुढच्या प्रकरणांत आहे. आणि हे सगळं रत्नागिरीच्या पाण्याला धरून आहे. पुण्याच्या बोअरच्या पाण्यावर किंवा परदेशातल्या नळाच्या पाण्यावर बेतलेला सल्ला आपल्याकडे नेमका चुकीच्या जागी चुकतो. तो कसा, हे समजल्याशिवाय पुढची प्रकरणं नीट कळायची नाहीत, म्हणून प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. लोक घाबरतात ते गढूळ आणि हिरव्या पाण्याला. नवी टाकी भरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधट होतं. ते साधे जिवाणू एकदम वाढल्यामुळे होतं आणि हात न लावता आपोआप निवळतं. खिडकीतलं ऊन थेट पडणाऱ्या टाकीत पाणी हिरवं होतं. दिसायला वाईट, पण माशांना त्याचा त्रास सहसा नसतो. नव्या लाकडाच्या ओंडक्यानं चहासारखा रंग उतरतो, तोही निरुपद्रवी. उलट अमोनिया आणि नायट्राइट या दोन विषांना रंग नसतो, आणि घातक प्रमाणात असले तरी त्यांचा वासही सहसा येत नाही. काचेपलीकडचं पाणी लख्ख असतं, त्यात वाळूचा कण न् कण मोजता येतो, आणि त्याच पाण्यात मासा कल्ले फाकून वर येऊन तोंड उघडत असतो. घरचे म्हणतात, पाणी तर स्वच्छ आहे. डोळ्यांची साक्ष इथं चालत नाही, तपासणीच करावी लागते.

अमोनिया येतो कुठून? मासा खातो त्या खाद्यातल्या प्रथिनांतून. माशाच्या शरीरातला बहुतेक टाकाऊ नायट्रोजन कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात उतरतो, तो अमोनियाच्याच रूपात. न खाल्लेलं खाद्य कुजलं की त्यात भर पडते. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि वाळूवर वसलेले काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य. ते वनस्पती शोषतात, उरलेलं आपण पाणी बदलून काढतो. दुकानदार ज्याला 'टाकी सायकल होणं' म्हणतात ते हेच. या जिवाणूंची वाढ संथ असते. साध्या जिवाणूंची संख्या अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकते, यांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून नव्या टाकीला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. शनिवारी टाकी आणून रविवारी तिच्यात वीस मासे सोडले, तर ते जिवाणू वसेपर्यंत अमोनियातच राहणार.

हे ज्ञान ज्या घरातून आलं त्याची गोष्ट मला फार आवडते. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी एका भांड्यात गोल्डफिशची जोडी आणि वॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. कुजणारी पानं पाणी नासवू लागली तेव्हा ती खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या, आणि भांडं तोल धरून राहतं असं 1850 मध्ये जाहीर केलं. घरगुती मत्स्यटाकीची शास्त्रीय सुरुवात इथून मानतात. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, पुढे रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीत अमोनियाचं नायट्रेट कसं होतं हे शोधत राहिला. हे काम दोन टप्प्यांत होतं आणि ते दोन वेगळे जीव करतात, हे त्याच्या प्रयोगांतून पुढे आलं. ते जिवाणू वेगळे काढून वाढवण्यात 1890 च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांना यश आलं. बापाच्या भांड्यात जे घडत होतं त्याचं कारण मुलगा शेतातल्या मातीत शोधत होता. दुसरा टप्पा कोणते जिवाणू करतात याबद्दलची पुस्तकी माहितीही नंतर बदलली. मत्स्यटाक्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात, हे 1998 मध्ये दिसून आलं.

पण लंडनच्या पाण्यात एक गोष्ट फुकट मिळते, ती आपल्याला मिळत नाही. ते पाणी खडूच्या आणि चुनखडीच्या थरांतून येतं आणि भरपूर बायकार्बोनेट घेऊन येतं. पाण्याची आम्ल पचवण्याची जी ताकद असते, जिला मत्स्यपालक 'केएच' किंवा अल्कलिनिटी म्हणतात, ती या बायकार्बोनेटमुळे. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल या शिलकीतून फेडलं जातं. शिल्लक मोठी असली की वर्षानुवर्षं तिच्याकडे बघावं लागत नाही. त्यामुळे तिकडून आलेल्या सल्ल्यात ती गृहीतच धरलेली असते. 'जिवाणू वसू द्या, थोडं खायला घाला, नियमित पाणी बदला' एवढ्यावर तो सल्ला संपतो.

आता आपलं पाणी बघा. रत्नागिरीचा सडा म्हणजे जांभा. लाखो वर्षांच्या पावसानं मूळ दगडातला चुना आणि इतर विरघळणारे क्षार धुऊन नेले, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं. घराची चिरेबंदी भिंत ज्या दगडाची, त्याच दगडात विहीर खणलेली. त्यातून पाझरणारं पाणी प्यायला गोड, डाळ पटकन शिजवणारं, साबणाला भरपूर फेस देणारं. माशांच्या टाकीसाठी मात्र जवळजवळ रिकामं. केएचची तपासणी करताना हे डोळ्यांसमोर दिसतं. परीक्षानळीत 5 मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि औषधाचा एकेक थेंब टाकून हलवत जायचं. पाणी आधी निळं होतं, मग एका थेंबाला झटकन पिवळं पडतं. जितके थेंब लागले तितके अंश केएच, आणि एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण 18 मिलिग्रॅम अल्कलिनिटी. कठीण पाण्याच्या प्रदेशात दहा-बारा थेंब पडले तरी निळा रंग हटत नाही. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी अनेकदा एका-दोन थेंबांतच पिवळं होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, औषधच खराब असणार.

दोन अंशांची ही शिल्लक किती दिवस पुरेल याचा हिशेब कागदावर मांडता येतो. मत्स्यशेतीत ठोकताळा असा आहे की एक किलो खाद्यामागे सुमारे 30 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो, म्हणजे एक ग्रॅम खाद्यामागे 30 मिलिग्रॅम. त्यातला दर मिलिग्रॅम पचवताना 7 मिलिग्रॅमहून थोडी जास्त अल्कलिनिटी खर्च होते. म्हणजे एक ग्रॅम खाद्याला 210 ते 215 मिलिग्रॅम. साठ लिटरच्या टाकीत दोन अंशांनी साठलेली एकूण शिल्लक 2,150 मिलिग्रॅमच्या आसपास. रोज एक ग्रॅम खाद्य घातलं तर दहा दिवसांत खलास! प्रत्यक्षात वनस्पती थोडा अमोनिया परस्पर घेतात, अधूनमधून पाणी बदललं जातं, त्यामुळे दहाचे वीस किंवा तीस दिवस होतील. पण दिशा तीच राहते.

शिल्लक संपली की पीएच घसरतो. 6.5 च्या खाली जिवाणू मंदावतात, 6 च्या खाली त्यांचं काम जवळजवळ थांबतं. मग अमोनिया साठू लागतो, तरी मासे मरत नाहीत, आणि खरा घोटाळा इथंच होतो. आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियमच्या रूपात बांधलेला राहतो आणि त्या रूपात तो फारसा घातक नसतो. आपल्याकडच्या 28 अंश तापमानाला पीएच 6 असताना एकूण अमोनियातला मोकळा, विषारी भाग हजारात एकही भरत नाही. पीएच 7 ला तो शेकड्यात एकाहून थोडा कमी असतो, आणि पीएच 8 ला साडेसहा टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे वर्षभर 'छान चाललेल्या' टाकीत विष साठलेलं असतं आणि केवळ आम्लतेनं ते धरून ठेवलेलं असतं.

मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो. घरात पाहुणे यायचे असतात, टाकीची काच पुसायची म्हणून अर्ध्याहून जास्त पाणी उपसलं जातं आणि शेजारच्या बोअरचं पाणी भरलं जातं. बोअर जांभ्याच्या खाली काळ्या दगडात गेलेली असते, तिच्या पाण्यात बायकार्बोनेट बऱ्यापैकी असतं आणि पीएच बहुधा 7.5 ते 8. पाणी मिसळताच टाकीचा पीएच वर उडी मारतो, बांधलेला अमोनिया मोकळा होतो आणि रात्रीत मासे उलटे होतात. लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम मोकळा अमोनियासुद्धा कल्ल्यांना इजा करू लागतो, इथं तो त्याच्या दुप्पट-तिप्पट झालेला असतो. सकाळी ठपका बोअरच्या पाण्यावर येतो. त्या पाण्यात काही खोट नसते. दोष मागच्या कित्येक महिन्यांचा असतो, आणि केएचची तपासणी केली असती तर तो दिसला असता.

म्हणून मी या पुस्तिकेत निदानाचा क्रम बदलला आहे. पहिलं प्रकरण रोगांवर नाही, अमोनियावरही नाही. ते 'आपलं पाणी कुठलं' यावर आहे. एकाच वाडीत विहीर जांभ्याची, बोअर काळ्या दगडाची आणि नळ धरणाचा असू शकतो. रत्नागिरी शहराला शीळ धरणाचं पाणी येतं. भाट्याच्या किंवा काळबादेवीच्या बाजूला, खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. याच विहिरी जुलैत काठोकाठ भरतात तेव्हा त्यांच्यात जवळजवळ पावसाचंच पाणी असतं. शिवाय विहिरीच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. काढल्या काढल्या पीएच मोजला तर तो खोटा, फार खाली दिसतो. बादलीत एअरस्टोन लावून रात्रभर हवा दिली की वायू निघून जातो आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा खरा मिळतो. ही साधी गोष्ट न केल्यामुळे लोक उगाच पीएच वाढवायची औषधं विकत घेतात.

क्लोरीनचं प्रकरण छोटं आहे, पण जूनमध्ये तेच सगळ्यात आधी उघडावं. पहिल्या पावसानंतर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. माणसांसाठी ते अत्यंत गरजेचं आहे आणि त्यात कुचराई होऊ नये. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा असा निकष आहे. माशाच्या कल्ल्यांना मात्र त्याहून कितीतरी कमी क्लोरीन भाजून काढतो. पाणी उघड्या पिंपात चोवीस तास, जमल्यास हवा देऊन ठेवलं तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला जुने फोटोग्राफर 'हायपो' म्हणायचे आणि दुकानात जे अँटिक्लोरीन म्हणून मिळतं, ते वापरावं. जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीचं सामान असतं. पाणी पिवळं पडलं म्हणजे क्लोरीन आहे. आपल्या पिंपातल्या पाण्याचीही चाचणी करून द्या म्हटलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

केएच वाढवायचा उपाय आपल्या किनाऱ्यावर फुकट पडलेला आहे. कालवांच्या, तिसऱ्यांच्या शिंपल्या म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. कालवण खाऊन झाल्यावर शिंपल्या घासून, उकळून, कडक उन्हात वाळवायच्या, जाडसर कुटायच्या आणि मच्छरदाणीच्या कापडात पुरचुंडी बांधून फिल्टरच्या धारेत ठेवायच्या. पाणी आम्लधर्मी असेल तितक्या त्या जास्त विरघळतात आणि पीएच सुधारला की आपोआप मंदावतात. घाई नसेल तर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. लगेच हवं असेल तर खाण्याचा सोडा आहे: साठ लिटर पाण्याला जेमतेम दोन ग्रॅम सोड्यानं केएच एका अंशानं वाढतो. चमचाभर सोडा मात्र ओतू नये. आणि जुन्या, आम्ल झालेल्या टाकीत यातलं काहीही घालण्याआधी अमोनिया तपासावा. तो साठलेला असेल, तर आधी रोज थोडंथोडं, टाकीच्या पाण्याशी पीएच जुळणारं पाणी बदलून तो उतरवावा, खाद्य बंद ठेवावं, मगच शिंपल्या. हा क्रम उलटा केला तर वर सांगितलेला बोअरचाच प्रकार आपण स्वतःच्या हातानं घडवून आणतो.

यापेक्षाही शहाणपणाचा मार्ग म्हणजे पाण्याला मानवतील तेच मासे पाळणं. टेट्रा, रास्बोरा, बहुतेक बार्ब, एंजल हे मऊ पाण्यात खूश असतात. आपल्या ओढ्यांतला पिकू तर इथलाच आहे. मॉलीला मात्र कठीण पाणी लागतं. मऊ पाण्यात ती पंख मिटून एका जागी डुलत राहते आणि दुकानदार तिला बुरशीचं औषध देतो. गप्पीचंही थोडंफार तसंच. हिवताप विभागाचे गप्पी डबक्यात तग धरतात हे खरं, पण डबक्यातला गप्पी खुल्या जागेत, डासांच्या अळ्यांवर, विरळ वस्तीत जगतो. काचेच्या दोन फुटांत तीस गप्पी आणि दिवसातून तीनदा खाद्य, ही वेगळी परिस्थिती आहे.

औषधांविषयी माझं मत कडक आहे आणि ते पुस्तिकेत जागोजागी दिसेल. मासा मलूल दिसला की निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, सरळ टाकीत ओततात. त्यानं फिल्टरमधल्या जिवाणूंचं काम बिघडू शकतं, म्हणजे ज्या अमोनियानं मासा मलूल झाला तोच आणखी वाढतो. आजारी माशाला वेगळ्या बादलीत घेऊन औषध द्यावं, टाकीत नाही. नायट्राइट चढलेलं असेल तर खडे मीठ, लिटरमागे एक ग्रॅम, खरोखर उपयोगी पडतं, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. ते घालतानाही कारण माहीत असावं, आणि मीठ न सोसणारे मासे टाकीत नाहीत ना हे बघावं.

वीज जाण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या अनेक गावांनी अंधारात काढलेले दिवस कोणी विसरलेलं नाही. तेवढं मोठं वादळ नसलं तरी पावसाळ्यात लाईट तासन् तास जाणं आपल्याला नवं नाही. 30 अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. फिल्टर बंद पडला की बंद डब्यातले जिवाणू गुदमरतात, तिथलं पाणी सडतं, आणि लाईट आल्यावर पंप ते सडलेलं पाणी थेट टाकीत सोडतो. म्हणून लांबलेल्या खंडानंतर डबा उघडून, टाकीच्याच पाण्यात स्पंज विसळून मगच बटण दाबावं. सेलवर चालणारा एअर पंप घरात असावा आणि लाईट नाही तोवर खाद्य घालू नये.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, की हे ज्ञान आपल्या दाराशी आहे. झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र 1958 पासून आहे, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय 1981 पासून. रत्नागिरीत शाळेची सहल झाडगावला मत्स्यालय बघायला नेणं ठरलेलंच. खाडीकाठच्या कोळंबी प्रकल्पावर काम करणारा मुलगा अल्कलिनिटी, अमोनिया, पीएच हे शब्द रोज उच्चारतो, चुना किंवा डोलोमाइट किती टाकायचा ते त्याला तोंडपाठ असतं. तोच मुलगा घरी आल्यावर बहिणीच्या टाकीतला मासा मेलेला बघतो आणि संकटाचं वाक्य ऐकून गप्प बसतो. तळ्यात जे पाणी तेच टाकीत, हा सांधा कोणी जुळवून दिलेला नाही. ही पुस्तिका त्यासाठीच आहे.

शेवटी वापराविषयी. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस नोंदीसाठी कोरी पानं ठेवली आहेत. त्यात तारीख, पाणी कुठलं, केएच, पीएच, अमोनिया आणि त्या आठवड्यात किती खाद्य घातलं एवढंच लिहावं. मेच्या अखेरीची आणि जूनच्या मध्याची नोंद चुकवू नये, कारण आपल्याकडे पाणी त्या पंधरवड्यात जितकं बदलतं तितकं उरलेल्या वर्षात बदलत नाही. सगळी किट घेणं परवडत नसेल तर आधी केएचचं घ्यावं, मग अमोनियाचं. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांची किट बरी. पट्टीचा डबा आपल्या दमट हवेत एकदा उघडला की लवकर निकामी होतो. थेंबांच्या बाटलीवरची मुदत बघून घ्यावी, आणि रंग नेहमी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर नळी धरून वाचावा.